तेरा वेळा आलेलं पेन्शन

ओराथायने पट्टी आणि लाल पेन हातात घेतलं की तिच्या दुकानाबाहेरच्या बाकावरचे फिरंगी म्हातारे आपोआप गप्प होतात. इमिग्रेशन कचेरीच्या फाटकासमोर चौदा वर्षं तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. खिडकीतले साहेब कागद नाकारायच्या आत ती स्वतःच नाकारते, आणि नाकारलेल्या कागदाचे पैसे घेत नाही, एवढा तिचा लौकिक. मंगळवारी सकाळी तिने गॉर्डनच्या बँक-पुस्तकाच्या झेरॉक्स काढल्या. यंत्र जुनं, त्यामुळे प्रत्येक पानावर उभी काळी रेघ उमटलेली. ती रेघ जणू नाहीच असं दाखवून ती परदेशातून आलेल्या एकेका रकमेखाली लाल रेघ मारत गेली आणि समासात महिन्याचं नाव लिहीत गेली. जून. जुलै. ऑगस्ट. सप्टेंबर.

प्रानोम शेजारी उभी राहून पेनाच्या टोकाकडे बघत होती. तिला खुर्ची दिली होती, पण हिशोब दुसऱ्याच्या हातात असला की तिला बसवत नाही.

"नोव्हेंबर दोनदा," ओराथाय म्हणाली. "दोन तारीख आणि तीस तारीख. जानेवारीही दोनदा. दोन आणि पंचवीस." पेन पुढे गेलं, थबकलं, मागे आलं. "ताई, डिसेंबर कुठाय?"

"असेल की. पान चिकटलं असेल."

"पान चिकटलेलं नाही. डिसेंबरात पैसेच आले नाहीत."

गॉर्डन बाकावरून उठला. एकाहत्तर वर्षांचा, सव्वासहा फुटी, उन्हाने कायमचा लाल झालेला माणूस. नऊ वर्षं या गावात, मेकाँगच्या काठी, प्रानोमच्या घरी राहतो. दोघांची भाषा म्हणजे त्याची मोडकी थाई आणि तिची मोडकी इंग्रजी, पण भांडताना दोघांचंही व्याकरण सुधारतं. "तेरा!" तो म्हणाला. "मोज. बारा महिन्यांत तेरा वेळा पैसे आलेत. नियम बाराचा आहे. मी एक जास्तच दिलाय."

"जास्त देऊन काय उपयोग, काका?" ओराथायने पेनाला टोपण लावलं. "पहाटे बारा भिक्षू दारावरून जातात. बारा पात्रांत एकेक मूठ भात घालायचा. तुम्ही दोघांना दोन-दोन मुठी घातल्या आणि एकाला तसाच पाठवला. तो काय म्हणेल, बाकीच्यांची पोटं भरली ना, झालं?"

बाकावरचा एक नॉर्वेकर फिस्सकन हसला. आपले कागद आज ठीक आहेत या आनंदात माणसं फार हसतात.

नियम सगळ्या बाकाला पाठ होता. निवृत्तीच्या व्हिसावर आणखी एक वर्ष राहायचं, तर बँकेत आठ लाख बाट पडून असल्याचं दाखवा, नाही तर दर महिन्याला परदेशातून पासष्ट हजार येत असल्याचं दाखवा. गॉर्डन दुसऱ्या रस्त्याने जायचा. आता त्याची विलायतेतली दोन्ही पेन्शनं, सरकारी आणि बसकंपनीचं, महिन्याला येत नाहीत, चार आठवड्यांनी येतात. मंगळवारी तिकडे जमा झाली की तो फोनवरून इकडे पाठवतो आणि गुरुवारी ती प्रानोमच्या गल्लीतल्या बँकेत उतरतात. वर्षाला तेरा वेळा. बत्तीस वर्षं यॉर्कशरच्या बसडेपोत ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावलेल्या या माणसाला तारखांचा कोण गर्व. चार आठवडे कुठल्याही महिन्यापेक्षा लांब नसतात, त्यामुळे एकही महिना कोरा जाणं शक्य नाही, हे तो प्रानोमच्या सूपच्या गाडीवर चमच्यांची रांग मांडून गिऱ्हाइकांना समजावून द्यायचा.

आणि डिसेंबर कोरा होता.

"बँका बंद होत्या," तो म्हणाला. "नाताळ, मग नवं वर्ष. अठ्ठावीसला यायचे पैसे दोन जानेवारीला आले. यात माझा काय दोष?"

"दोष कोण काढतंय?" ओराथाय म्हणाली. "मी फक्त महिने मोजते. व्हिसा कधी संपतोय?"

"शुक्रवारी," प्रानोम म्हणाली.

तरी ती खिडकीवर जाऊन आलीच. खिडकीतल्या तरुण अधिकारी बाईने लाल रेघांवरून बोट फिरवलं, डिसेंबरपाशी थांबवलं आणि हात जोडून म्हणाली, "मावशी, दर महिन्याला म्हणजे दर महिन्याला. नाही जमलं तर काकांनी शुक्रवारपर्यंत देश सोडावा आणि नव्याने अर्ज करावा. नव्याला मात्र आठ लाख बँकेत लागतील." आणि काळ्या रेघेकडे बघून वर म्हणाली, "झेरॉक्सही जरा नीट आणा."

आठ लाख. प्रानोमला हा आकडा नुसता ठाऊक नव्हता, ती त्यात राहत होती. नऊ वर्षांपूर्वी गॉर्डनने आणलेले आठ लाख बारा हजार तिच्या आईच्या जागेवर घर होऊन उभे होते: छपराला एक लाख ऐंशी, फरशीला नव्वद, पाण्याच्या टाकीला चौदा, आणि पाश्चात्त्य संडासाला, ज्याच्याशिवाय हा माणूस जगूच शकत नव्हता, बावीस. घर तिच्या नावावर, कारण फिरंग्याच्या नावावर जमीन होत नाही. म्हणजे त्याला या देशात राहू देणारे पैसे तिच्या डोक्यावरचं छप्पर झाले होते. छप्पर काही बँकेत नेऊन ठेवता येत नाही.

घरी पोचल्यावर तिने त्याचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात पेन्शनची पत्रं, हृदयातल्या नळीचं डॉक्टरचं कार्ड आणि एक छोटी वही असायची. पाउंडाचा भाव तो तिच्यात रोज सकाळी सूप पिता पिता लिहायचा.

"ती कशाला?" गॉर्डन म्हणाला.

"बघते, बँका कधी बंद होत्या."

डिसेंबरचं पान सापडायला वेळ लागला नाही. सव्वीस, मंगळवार: त्रेचाळीस पूर्णांक चौऱ्याहत्तर. खाली अधोरेखित: थांबा. सत्तावीस: थांबा. अठ्ठावीस: थांबा. एकोणतीस, शुक्रवार: त्रेचाळीस पूर्णांक पंच्याण्णव, पाठवले. त्यापुढे एक हसरा चेहरा आणि लिहिलेलं: फायदा ३१२ बाट.

प्रानोमने वही त्याच्यापुढे धरली. गॉर्डनने चष्मा शोधायला सुरुवात केली. चष्मा डोक्यावरच होता.

"बँका बंद होत्या," ती म्हणाली.

"शुक्रवार दुपारनंतर बंदच होत्या."

"मंगळवारी उघड्या होत्या. बुधवारी उघड्या होत्या. गुरुवारी उघड्या होत्या. तू तीन दिवस पाउंडाला पाळण्यात घालून झोके देत बसला होतास."

"भाव पडला होता, प्रानोम. पासष्ट हजारांच्या खाली आलं असतं तर? तेही नाकारतात."

तिने उभ्यानेच पेन्सिल घेतली. चौदाशे नव्वद पाउंड, त्रेचाळीस पूर्णांक चौऱ्याहत्तरने. "पासष्ट हजार एकशे बहात्तर आले असते. एकशे बहात्तर वर. तू भीतीने थांबला नाहीस, हावरेपणाने थांबलास." मग तिला आठवलं. "आणि त्या तीनशे बारांची भाजलेली कोंबडी आणलीस. वर लॉटरीची दोन तिकिटं. 'आज पाउंडाने जेवण दिलंय' म्हणालास. मीही चिकट भाताबरोबर ती कोंबडी खाल्ली!"

हे शेवटचं तिला सर्वांत जास्त लागलं. त्या चुकीचा एक तंगडा तिच्याही पोटात गेला होता.

गॉर्डनने वही मिटून डब्यात टाकली. मग म्हणाला, "त्या निळ्या बोर्डाच्या एजंटकडे जाऊ. पंचवीस हजारांत काम करतो म्हणतात. काही विचारतही नाही."

"न विचारणाऱ्याला पंचवीस हजार? विचारणारी ओराथाय झेरॉक्सला दोन बाट घेते."

पण ती बोलत होती तशी शांत नव्हती. दिवसभर तिने भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली, कोंबड्यांना दोनदा दाणे टाकले. गॉर्डन हृदयात नळी घेऊन कुठे जाणार? यॉर्कशरमध्ये त्याची एक बहीण, तिच्याकडे एकच खोली. नव्याने यायचं तर आठ लाख. घर विकून? मग यायचं कुठे? हा गोल हिशोब तिने संध्याकाळपर्यंत दहा वेळा केला आणि दहाही वेळा तो तिच्या छपरापाशीच येऊन थांबला.

बुधवारी सकाळी सूपची गाडी बहिणीवर सोडून ती ओराथायकडे गेली. बरोबर तांदळाच्या शेवयांच्या सूपची पिशवी, वर तळलेला लसूण वेगळा. ओराथायने पिशवीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"लसूण वेगळा बांधलायस. म्हणजे काम मोठं आहे."

"रस्ता आहे का, एवढंच सांग. चौदा वर्षं तू या कचेरीची नाडी बघतेयस."

"रस्ता आहे." ओराथायने झेरॉक्सच्या यंत्राचं झाकण थोपटलं. "पण ताई, मला आधी दोन जानेवारी आठवतेय."

प्रानोमलाही आठवली, आणि मान जड झाली.

प्रानोम भिशी चालवते. चौदा बायका, दर महिन्याला दोन-दोन हजार, आणि ज्या बाईला त्या महिन्याची रक्कम हवी ती सगळ्यांत जास्त व्याजाची बोली लावून उचलते. प्रानोमची वही गावात प्रसिद्ध आहे. महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर, एक दिवस उशीर झाला की दोनशे दंड आणि त्या महिन्याची बोली बाद. डिसेंबरात ओराथायने नव्या झेरॉक्स यंत्रासाठी सर्वांत मोठी बोली लावली होती. मग नव्या वर्षासाठी आईच्या गावी गेली आणि हप्ता द्यायला दोन जानेवारीला आली. प्रानोमने तिच्या नावापुढे लाल रेघ मारली, दोनशे घेतले आणि रक्कम केशकर्तनवाल्या सूकला दिली.

"मी म्हटलं होतं," ओराथाय म्हणाली, "आई आजारी होती, गाडी मिळाली नाही, पैसे डिसेंबरचेच आहेत, फक्त दोन दिवसांनी हातात आलेत. तू काय म्हणालीस, आठवतंय?"

"आठवतंय."

"मोठ्याने म्हण. यंत्राला ऐकू जात नाही."

"भिशी सुट्टीवर जात नाही," प्रानोम म्हणाली.

"हां. आता कचेरीही जात नाही." ओराथाय हसली, पण तिच्या हसण्यात विष नव्हतं, सहा महिने जपून ठेवलेलं समाधान होतं. "तुझी ती लाल रेघ अजून माझ्या प्रत्येक कागदावर काळी होऊन उमटते बघ. मला माझे दोनशे नकोत. मला ती रेघ खोडलेली हवी, सगळ्याजणींसमोर. आणि या महिन्याची रक्कम माझ्या डिसेंबरच्याच बोलीवर."

"सगळ्याजणी मला फाडून खातील. ज्यांना ज्यांना दंड केलाय त्या सगळ्या उभ्या राहतील."

"मग त्यांचंही काही खरं असेल."

त्या दिवशी पाच वाजता, सूपची गाडी धुऊन झाल्यावर, चौदाजणी निळ्या स्टुलांवर बसल्या. प्रानोम उभीच होती. तिने वही उघडली, जानेवारीचं पान सगळ्यांना दाखवलं, आणि ओराथायच्या नावापुढची लाल रेघ काळ्या पेनाने आडवी-तिडवी खोडून म्हणाली, "दोन तारखेला आलेले पैसे डिसेंबरचेच होते. मी चुकले. या महिन्याची रक्कम ओराथायला, तिच्या जुन्या बोलीवर. कुणाची हरकत?"

मग बुन्माआजींनी, ज्यांना दोन वर्षांपूर्वी भावाच्या अंत्यविधीमुळे उशीर झाला होता, सुपारीची पिंक टाकली. "म्हणजे आता नियम मऊ झाला?"

"झाला, आजी."

"काकांच्या व्हिसासाठी?"

"हो."

"माझा भाऊ मेला तेव्हा नाही झाला मऊ. फिरंगी जिवंत आहे म्हणून झाला."

"नवऱ्यासाठी बाई काय काय करते!" सूक म्हणाली.

"नवरा कुठला?" मागून कुणीतरी. "नोंदणी तरी केलीय का नऊ वर्षांत?"

"नोंदणी केली तर त्यालाही भिशीचा नियम लागेल, म्हणून घाबरतो तो!"

स्टुलं हसण्याने हलली. प्रानोम हसली नाही. पाकिटातून दोनशेच्या हिशोबाने नोटा काढून तिने आजींपुढे ठेवल्या. मग आणखी पाचजणींपुढे, ज्या दंडाची तारीखवार आठवण सांगत होत्या आणि ज्यांची तारीख वहीशी जुळत होती. एकीची जुळली नाही. तिला प्रानोमने तसं सांगितलं, आणि तेवढ्यापुरता तिचा आवाज पुन्हा मूळचा झाला. ओराथायने आपले दोनशे खरंच घेतले नाहीत. एकूण बाराशे गेले. सहा वर्षांत कमावलेला धाक त्यांच्याबरोबर गेला तो वेगळा, त्याची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची हे तिला कळेना.

बायका गेल्यावर ओराथायने पिशवीतून एक जुना कागद काढला. "मागच्या वर्षी एका जर्मन काकांचं असंच झालं होतं. भिंतीवरचा नियमांचा फलक वाचलायस कधी?"

"आठ लाख, नाही तर पासष्ट हजार."

"त्याखाली तिसरी ओळ आहे. सगळे दोन वाचून खिडकीशी धावतात. वर्षाचं उत्पन्न आणि बँकेतली शिल्लक मिळून आठ लाख झाले तरी चालतं. पण त्याला मोठ्या साहेबांची सही लागते, म्हणून खिडकीवरचे ती ओळ वाचून दाखवत नाहीत. मोठे साहेब फक्त गुरुवारी येतात. त्यांना जाडजूड बाड आवडत नाही. एकच कागद: तेरा रकमा, खाली बेरीज, मागे पेन्शनची दोन पत्रं. महिन्यांची नावं लिहायचीच नाहीत. नुसत्या तारखा."

प्रानोमने तिथेच, ओल्या गाडीवर कागद ठेवून बेरीज केली. तेरा रकमा मिळून आठ लाख त्रेपन्न हजार सहाशे दहा. शिल्लक एकवीस हजार. ती बेरीज तिने खालून वर पुन्हा केली. उत्तर तेच आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा ती खाली बसली.

गुरुवारी गॉर्डनने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. मोठे साहेब कर्नल होते. त्यांच्या टेबलावर काचेखाली नातवाचा फोटो, हातात चहात बुडवलेलं बिस्किट. प्रानोम गॉर्डनच्या शेजारी टेकली आणि तिने पर्स गुडघ्यांवर दाबून धरली.

साहेबांनी कागद वाचला. मग काळी रेघ बघितली. "या ओराथायला सांगा, यंत्र बदल."

"पुढच्या महिन्यात येतंय, साहेब. तिला भिशी लागलीय."

"बरं झालं." त्यांचं बोट तारखांवरून उतरलं. तीस नोव्हेंबर. दोन जानेवारी. बोट तिथेच राहिलं. "डिसेंबर?"

प्रानोमने उत्तर तयार ठेवलं होतं: सुट्ट्या, बँका, वर्षअखेर. तिने तोंड उघडायच्या आत गॉर्डन त्याच्या मोडक्या थाईत म्हणाला, "साहेब, चूक माझी. मी भावासाठी थांबलो."

प्रानोमने त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की त्याने पुढचा शब्द गिळला.

"पाउंडाच्या भावासाठी?" साहेबांनी बिस्किट बाजूला ठेवलं. "किती सुटले?"

"तीनशे बारा."

"तीनशे बारा." साहेबांनी तो आकडा हळूच उच्चारला. "माझे मेव्हणे सोन्याच्या भावासाठी असेच थांबलेत, आठ वर्षं. बहिणीचा हार अजून गहाणच आहे." त्यांनी पत्रं उलटली, बेरजेखाली पेन टेकवलं, पुन्हा उचललं. "वर्षाच्या उत्पन्नात बसतंय," ते शेवटी म्हणाले. "या वर्षी बसतंय. पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरा असेल, आणि तो तिसरी ओळ वाचेलच असं नाही. एकोणीसशे फी भरा."

शिक्क्याचा आवाज छोटासाच झाला. व्हिसा पुढच्या वर्षीच्या चौदा जूनपर्यंत.

बाहेर आल्यावर ओराथायने दुकानातूनच विजयाची दोन बोटं वर केली. गॉर्डनने तिला वाकून नमस्कार केला, इतका खाली की बाकावरचा नॉर्वेकर पुन्हा हसला. आज त्याचेच कागद अडले होते, तरी हसला.

नदीकाठच्या चहाच्या टपरीवर बसल्यावर प्रानोमने वही काढली. सवयीने. "आज गुरुवार," ती म्हणाली. "या वेळचं पेन्शन बँकेत उतरलं असेल. पुस्तक भरून आणू."

गॉर्डनने चहात बर्फ ढवळला. बराच वेळ ढवळला.

प्रानोमने वही मिटली. "पाठवलं नाहीस."

"मंगळवारी आपण झेरॉक्सच्या दुकानात होतो ना. आणि भाव जरा..."

"गॉर्डन."

"पडला होता. अगदी थोडा. म्हटलं, शनिवारपर्यंत..."

तिने हात पुढे केला. त्याने फोन दिला. तिने फोन परत त्याच्या हातात ठेवला, त्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, "मी नाही. तू दाब. आत्ता. माझ्यासमोर."

"प्रानोम, आत्ता दाबलं तर दोनशे कमी येतील. शुद्ध नुकसान."

"दोनशे," ती म्हणाली. "काल सहाजणींना तेवढेच दिलेत मी. तो चालू भाव आहे."

गॉर्डनने फोनकडे बघितलं, नदीकडे बघितलं, पलीकडच्या लाओसच्या काठाकडे बघितलं, जणू तिकडे भाव बरा असावा. मग अंगठा टेकवला. प्रानोमने त्याचा हात सोडला नाही. पडद्यावर पैसे निघाल्याची हिरवी खूण येईपर्यंत तिने त्याचं मनगट धरून ठेवलं होतं.